बुलेट सुरू होत नाही? आधी अँपिअर मीटरचा काटा बघा

एका श्रोत्याचा निरोप आलाय. वडिलांची जुनी पॉइंटवाली बुलेट ३५०, चार महिने बंद. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, सगळं वायरिंग बदला, कॉइल बदला, नाहीतर भंगारात द्या. घरात आता दुसऱ्या पर्यायावर बोलणं चाललंय. थांबा हो! एवढं काही बिघडलेलं नसतं बहुतेक वेळा.

पहिली गोष्ट बॅटरी. या गाडीचं इग्निशन बॅटरीवर चालतं, त्यामुळे बॅटरी मेली की कितीही किका मारा, उपयोग नाही. मल्टिमीटर लावा. चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला द्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा. आणि अर्थिंगची वायर चेसीला जिथे बसते तिथला गंज, रंग घासून काढा. ही जागा कुणी बघतच नाही.

आता खरी गंमत. हेडलाइटच्या बाजूला जो अँपिअर मीटर आहे ना, तो शोभेचा नाही. लाइट बंद ठेवा, चावी ऑन करा, डीकंप्रेशर ओढून धरा आणि किक हाताने हळूहळू चार-पाच वेळा दाबा. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. असा हलला, म्हणजे कॉइलपर्यंत करंट जातोय आणि पॉइंट आपलं काम करताहेत.

काटा हललाच नाही तर? हॉर्न वाजवा. वाजला तर चावीपर्यंत करंट आहे; मग संशय काळ्या पडलेल्या पॉइंटवर. गाडी उभी राहिली की त्यांच्यावर थर बसतो, पावसाळ्यात तर हमखास. बारीक पॉलिश पेपरने घासा, स्वच्छ कागद फिरवा, आणि फिलर गेजने गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. हॉर्नही मुका असेल तर हँडल डावी-उजवीकडे वळवून परत वाजवून बघा. हँडलजवळ वायर वाकून वाकून आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत.

काटा मायनसलाच चिकटून बसला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय. चावी तशीच ऑन ठेवून चहा प्यायला जाऊ नका. कॉइल तापते, बॅटरी उतरते.

काटा नीट हलतो पण प्लगला ठिणगी नाही? प्लग काढून बघताना तो भोकापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून धरा. भोकातून पेट्रोलची वाफ येते. पॉइंटपाशी मोठ्या ठिणग्या उडत असतील तर आधी कंडेन्सर बदला. स्वस्त आहे, आणि माझ्या मते निम्म्या कॉइली उगाचच बदलल्या जातात. त्यानंतर प्लग, कॅप, जाड वायर. कॉइल सगळ्यात शेवटी.

गाडी सुरू झाली की थोडा रेस द्या. काटा प्लसकडे सरकायला हवा. नाही सरकला तर चार्जिंग होत नाहीये, दोन दिवसांत पुन्हा तेच. ते अल्टरनेटर आणि रेक्टिफायरचं प्रकरण पुढच्या भागात घेऊ.