सोळा आणे आणि कॉम्प्युटरचा हिशेब



अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत आपल्या कितीतरी बचत गटांचा हिशेब आता वहीतून कॉम्प्युटरवर गेला आहे. पण १० पैसे आणि २० पैसे यांची बेरीज काही प्रोग्रॅम ०.३० दाखवत नाहीत. ०.३ नंतर पंधरा शून्ये आणि शेवटी ४ दाखवतात. मग गटात कुजबुज सुरू होते. असं का होतं, ते आज पाहू.

आपल्या आजीचा रुपया सोळा आण्यांचा होता. अर्धा रुपया आठ आणे, त्याचा अर्धा चार, मग दोन, मग एक. कॉम्प्युटरही असंच अर्धं-अर्धं करत मोजतो. त्याच्याकडे आकडे दोनच, १ आणि ०. १ म्हणजे नाणं आहे, ० म्हणजे नाही. बिंदूनंतर १०११ लिहिलं, तर आठ आहेत, चार नाहीत, दोन आहेत, एक आहे. झाले अकरा आणे. एक आणा सव्वासहा पैशांचा, म्हणून उत्तर ०.६८७५.

कॉम्प्युटर बिंदू एका जागी बांधून ठेवत नाही. तो किती घरं सरकवायचा, हे वेगळं लिहितो. तोच बिंदू दोन घरं उजवीकडे नेला की १०.११ होतं. बिंदूच्या डावीकडे एकक, मग दोन, मग चार. म्हणजे दोन, अधिक अर्धा, अधिक पाव. पावणेतीन!

आता या नाण्यांत दहा पैसे बसवा. एक आणा कमी पडतो, दीड आणा केला तरी ९.३७५ पैसेच होतात. आणखी पाव आणा घातला की जास्त होतात. कितीही बारीक तुकडे करा, नेमके दहा होतच नाहीत. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, तेव्हा आण्याचे पैसे करताना हीच अडचण होती. कॉम्प्युटर कुठंतरी थांबतो, आणि कणभर फरक उरतो.

हा फरक पैशाच्या कोट्यवधी भागाहूनही लहान असतो. त्यावरून हिशेब लिहिणाऱ्या ताईवर संशय घेऊ नका. पण पाच-दहा रुपये कमी आले आणि कुणी म्हणालं, ‘कॉम्प्युटरचंच असं आहे’, तर ऐकून घेऊ नका. पावत्या काढा, एकेक नोंद तपासा.

आणि एक करा. साडेबारा रुपये १२५० पैसे असे पूर्ण आकड्यात लिहा. पूर्ण आकडे कॉम्प्युटर अचूक मोजतो. व्याजातला अर्धा पैसा वर धरायचा की सोडायचा, ते बैठकीत ठरवून इतिवृत्तात नोंदवा.

हिशेब सोळा आणे चोख राहील.