कानातल्या मॉनिटरमधली गिटार

इलेक्ट्रिक गिटारचा भरदार, उबदार स्वर तारांइतकाच तिच्या स्पीकरमुळे घडतो. गिटार ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा कागदी शंकूचा १२ इंची स्पीकर असतो. तो सगळे स्वर सारख्या जोराने वाजवत नाही. साधारण ७५ हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज क्षीण होतो आणि ५ किलोहर्ट्झच्या वर तर झपाट्याने घसरतो. घरी गाणी ऐकण्याच्या स्पीकरमध्ये हा मोठाच दोष ठरला असता. गिटारला मात्र तो फार मानवला. डिस्टॉर्शनमुळे उठणारी वरच्या टोकाची खरखर हा शंकूच गाळून टाकतो. शिवाय रंगमंचावर वादक स्पीकरच्या अगदी समोर कान लावून उभा नसतो. तो थोडा दूर, थोडा बाजूला असतो. शंकूतून निघणारे तीव्र स्वर सरळ रेषेत पुढे जातात, त्यामुळे बाजूच्या माणसाला ते कमी ऐकू येतात. जमिनीवरून आणि भिंतींवरून परतणारा नाद त्यात मिसळतो, आणि खर्ज तर अंगालाही जाणवतो.

कानात घालायचा इन-इअर मॉनिटर लावला की हे सगळे एकदम नाहीसे होते. १९९५मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या बँडचे ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी खास इअरफोन बनवले, आणि त्यातूनच पुढे अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. रंगमंचावरचा गोंगाट कानाबाहेर ठेवायचा आणि हवे तेवढेच, हव्या त्या पातळीवर ऐकायचे, हा या साधनाचा उद्देश. तो उत्तम साधतो. पण वायरीतून जे आले तेवढेच कानाशी पोचते, आणि गिटार पातळ, टोचरी वाटू लागते.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी इक्वलायझरच्या बेसकडे जातो. खरे तर आधी कानाकडे जायला हवा. इअरफोनचे टोक कानात घट्ट बसले नाही तर खर्ज त्या फटीतून निसटतो, आणि कितीही बेस वाढवला तरी तो भरून येत नाही. एखादा लांबलेला खर्जाचा स्वर वाजवून इअरफोन हलकेच आत दाबावा. स्वर अचानक भरीव झाला, तर दोष बसण्यात आहे, टोनमध्ये नाही. रबराऐवजी फोमची टोके वापरली किंवा वेगळे माप निवडले, तर पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. गाता-गाता वाजवणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. तोंड उघडले की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि फट पडते. म्हणूनच कानाच्या मापाने इअरफोन करून घेताना साचा तोंड उघडे ठेवून घेतात.

यानंतर प्रश्न येतो गिटारचा आवाज कुठून घेतला जातो याचा. मराठी ऑर्केस्ट्रांत अनेक गिटारवादक आता ॲम्प न आणता प्रोसेसरची वायर थेट मिक्सरला देतात. प्रोसेसरमधले कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल, बंद राहिले असेल, तर कानात मधमाश्यांच्या थव्यासारखी झणझण ऐकू येते, कारण ती गाळणारा शंकूच वाटेत उरलेला नसतो. ते चालू करणे ही पहिली पायरी. चांगल्या प्रोसेसरांत इम्पल्स रिस्पॉन्स भरता येतो. एखाद्या खऱ्या कॅबिनेटचा, ठरावीक मायक्रोफोनने टिपलेला प्रतिसाद त्यात साठवलेला असतो. कॅबिनेटच्या नावाइतकेच मायक्रोफोन कुठे ठेवला होता यालाही महत्त्व असते.

खरा ॲम्प आणि त्यापुढे मायक्रोफोन असेल तेव्हाही तोच नियम लागतो. शुअर एसएम५७ हा गिटारवर सर्वाधिक दिसणारा मायक्रोफोन ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास स्वर थोडा उचलून देतो. तो शंकूच्या ऐन मध्यावर रोखला, तर आवाज सर्वांत चिरका येतो. दोन बोटे कडेकडे सरकवला, की तोच आवाज गोल होतो. स्पीकरपुढच्या जाळीच्या अगदी जवळ नेला, तर खर्ज वाढतो. रिबन मायक्रोफोनचे वरचे टोक मुळातच मऊ असते, म्हणून इन-इअर वापरणाऱ्यांना तो आवडतो. इक्वलायझरवर अर्धा तास घालवून जे साधत नाही, ते मायक्रोफोन थोडासा हलवून साधते.

एवढे झाल्यावर इक्वलायझर हाती घ्यावा, आणि वाढवण्यापेक्षा कापण्यासाठी घ्यावा. वरची खरखर ६ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान हाय-कट लावून काढता येते. टोचणारा भाग साधारण २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. माणसाचा कान तिथेच सर्वाधिक संवेदनशील असल्याने तिथे दोन-तीन डेसिबलची घटसुद्धा मोठी वाटते. मग गरज उरली तरच २०० हर्ट्झच्या आसपास किंचित भर घालावी. जास्त घातली की बेस गिटार आणि ढोलकी-तबल्याच्या डग्ग्याशी गुंता होतो. हे बदल फक्त वादकाच्या कानासाठी असावेत. डिजिटल मिक्सरवर गिटारचा एकच इनपुट दोन चॅनलवर घेता येतो, एक प्रेक्षकांसाठी आणि दुसरा मॉनिटरसाठी. ध्वनिसंयोजकाला हे तालमीतच सांगून ठेवलेले बरे.

अकूस्टिक गिटारच्या ब्रिजखालचा पिएझो पिकअप कानात विशेष रुक्ष वाटतो. तिथे १ मेगाओहम किंवा त्याहून अधिक इनपुट इम्पिडन्सचा प्रीॲम्प आणि लाकडी पेटीचा इम्पल्स रिस्पॉन्स कामी येतो.

उरतो तो अवकाशाचा प्रश्न. मॉनिटर मोनो असेल, तर सगळी वाद्ये डोक्याच्या मध्यावर एकमेकांवर चढतात आणि गिटार ऐकू यावी म्हणून तिचा तीव्र भाग वाढवावा लागतो. स्टिरिओ मिक्समध्ये ती थोडी एका बाजूला ठेवली आणि छोट्या खोलीचा अगदी हलका रिव्हर्ब दिला, तर तिला जागा मिळते आणि तीव्र भाग वाढवण्याची गरजच पडत नाही.

आवाज मोठा केला की ऊब वाढल्यासारखी वाटते, आणि हा निव्वळ भास नव्हे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिले, की कमी पातळीवर कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि पातळी वाढली की तो भरून येतो. पण या मार्गाने मिळवलेल्या उबेची किंमत कान मोजतो. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास ऐकावा आणि प्रत्येक ३ डेसिबलच्या वाढीला ही वेळ निम्मी करावी. १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटे उरते. कान बंद झाल्याने एकटे वाटते म्हणून एक इअरफोन काढून वाजवण्याची सवय तर आणखी घातक, कारण उघड्या कानात रंगमंचाचा गोंगाट शिरतो आणि बंद कानातला आवाज त्याच्यावर मात करण्यासाठी वाढवला जातो. त्यापेक्षा रंगमंचाच्या दोन कडांना प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन मायक्रोफोन लावून त्यांचा थोडासा आवाज मॉनिटर मिक्समध्ये सोडावा.