खताच्या ढिगात अंडी सापडली तर?

हेडफोन लावलेत ना? आज विषय अंड्यांचा आहे, पण फ्रीजमधल्या नाही.

परसातला खताचा ढीग उपसताना कधी कधी पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली अंडी दिसतात. का बरं तिथेच? पालापाचोळा आणि शेण कुजताना ऊब तयार होते, आत ओलही टिकते. बहुतेक साप कोंबडीसारखे अंड्यांवर बसत नाहीत, मग अशी आयती उबदार जागा मादीला बरी वाटते. नागराजाची मादी तर पाचोळा गोळा करून स्वतःच असा ढीग रचते.

आता ओळखायचं कसं? पालीची अंडी बारीक, गोलसर आणि टणक. सापाची लांबट, कवच मऊ, चामड्यासारखं. धामण, दिवड, नाग, मण्यार अंडी घालतात. घोणस आणि फुरसं मात्र थेट पिल्लांना जन्म देतात, म्हणजे ती अंडी त्यांची नसणार. पण नुसत्या अंड्यावरून धामण की नाग, हे आपल्याला ठामपणे सांगता येत नाही. त्यातून नागाची मादी अंड्यांजवळ थांबते, आणि नागाचं पिल्लू बाहेर पडतं तेच विष घेऊन.

आमच्या परसात अशी अंडी निघाली तेव्हा आई म्हणाली, "आधी पोरांना आत घे!" शेजारचे काका म्हणाले, "ढीगच पेटवून द्या, कटकट नको." मी म्हटलं, "काका, थांबा जरा, फोन करू." आईची भीती खोटी नव्हती; पोरं रोज तिथेच खेळायची. पण धामण असेल तर? तीच तर आपल्या भाताच्या कणगीजवळचे उंदीर खाते!

सर्पमित्र आला. त्याने वनविभागाला कळवलं, प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण केली आणि ती जशीच्या तशी, न फिरवता डब्यातल्या ओलसर मातीत ठेवली. कोंबडी आपली अंडी फिरवत राहते. सापाच्या अंड्यात गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो. अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. म्हणजे रीलसाठी हातात घेऊन गोल फिरवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आणि हो, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं किंवा हलवणं हीसुद्धा शिकारच धरली जाते.

तर लक्षात ठेवा: फावडं थांबवा, चार पावलं मागे व्हा, पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा, आणि महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या 1926 वर फोन लावा. कुणाला दंश झालाच तर बांधाबांधी, कापाकापी काही नको. 108 लावा आणि थेट दवाखाना गाठा.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. ढीग पेटवायला निघालेले एक तरी काका तिथे असतातच! भेटू पुढच्या भागात.