पसरलेला हात



पौर्णिमेस शिरोळहून नरसोबाच्या वाडीस जाणें हा माझा बहुत वर्षांचा परिपाठ. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तपादुकांचें दर्शन घेऊन परतूं लागलें, कीं वाटेवर दुतर्फा हात पुढें येतात. द्यावें कीं न द्यावें, हा प्रश्न तेथें पुस्तकी राहत नाहीं.

दान सत्पात्रीं असावें, असें मीं वर्गांत आयुष्यभर शिकविलें. म्हणून प्रत्येकाची पात्रता पारखीत मी पुढें जाई. धडधाकट दिसला, कीं “काम कर” म्हणून मोकळा होई. १९५९ सालच्या मुंबई राज्याच्या कायद्यानें तर भीक मागणें हा गुन्हाच ठरविला होता. २०१८ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें तेथें लागू असलेलीं त्यांतील शिक्षेचीं कलमें घटनाबाह्य ठरविलीं, तेव्हां तो निर्णय मला फार सैल वाटला होता.

पुढल्याच वर्षीं, ऑगस्ट २०१९ मध्यें, महापुरानें आमच्या तालुक्यांतील गांवेंच्या गांवें वेढलीं. माझें धान्य पाण्यांत गेलें आणि मी छावणींत ताटली घेऊन रांगेंत उभा राहिलों. वाढणाऱ्या कोवळ्या मुलानें माझी पात्रता विचारली नाहीं. तो इतकेंच म्हणाला, “आजोबा, आणखी एक भाकरी घ्या की.” ती घेतांना माझी मान वर होईना. वाडीच्या वाटेवर मीं ज्यांची उलटतपासणी केली, ते सारे चेहरे तेव्हां डोळ्यांपुढें आले.

आतां माझा नेम असा आहे. लहान मुलाच्या हातावर पैसा ठेवीत नाहीं. त्याची मिळकत वाढली, कीं त्याची शाळा सुटते. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. त्याच भूमींत पोरानें हात पसरावा, हें मास्तराच्या मनास लागतें. त्याला खाऊं घालतों आणि त्याच्या आईबापांशीं शाळेविषयीं बोलतों. वृद्धांस व अपंगांस यथाशक्ति देतों. यांत कधीं फसतों. परंतु दहा रुपयांनीं माझें घर बुडत नाहीं. खरा भुकेला मात्र माझ्या चतुराईमुळें उपाशी राहूं शकतो.

देणें ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आहे. न द्यावयाचें असेल, तरी क्षणभर थांबून “आज नाहीं, बाबा” एवढें म्हणावें. तोंड फिरवून जाऊं नये, आणि उपदेश तर मुळींच करूं नये. माझ्याकडून तो पुष्कळ झाला आहे.