बाजारभावाची बातमी पोरांना लिहू द्या

(चांदूर रेल्वे येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस, सोयाबीन, तुरीच्या भावावर आज पुष्कळ बोलणे झाले. मी जरा आडवाटेचा विषय मांडतो. आपल्या आठवी ते दहावीच्या पोरापोरींना फोनवरून बातमी तयार करायला शिकवावे, असे माझे म्हणणे आहे. 'पोट्टे आधीच फोनमध्ये डोके घालून बसतात, त्यात हे आणखी काय?' असे कोणी म्हणेल. मी विचारतो, २०२१ साली ई-पीक पाहणी आली, तेव्हा तुमच्या वावरात उभे राहून पिकाचा फोटो कोणी काढला? बहुतेक घरांत पोरानेच. बाप नुसता गट नंबर सांगत होता.

माझीच फजिती ऐका. मागे एका हंगामात फोनवर भावाच्या फळ्याचा फोटो आला. कापूस दहा हजारांच्या वर! मी विक्री थांबवली. महिनाभर कापूस घरात. शेजारची नववीतली पोरगी म्हणाली, "काकाजी, या फोटोतली तारीख कापलेली दिसते." तिने तोच फोटो इंटरनेटवर शोधला, तर तो २०२२ सालचा निघाला. त्या वर्षी कापूस खरोखरच दहा हजारांवर गेला होता. फोटो खरा, बातमी खोटी. तोवर भाव आणखी उतरला होता. त्या पोरीला हे कोणी शिकवले नव्हते. शिकवले असते तर तिने वर्गातल्या चाळीस घरांना सावध केले असते.

दुसरे, बाजारभाव. पणन मंडळ रोज आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर इंटरनेटवर टाकते. मथळ्यात येतो तो बहुधा कमाल दर. तो एखाद्या ढिगाला मिळालेला असतो. तुमचा-माझा माल जातो सर्वसाधारण दराच्या आसपास. २०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता. त्यातून सर्वसाधारण दर वजा करणे हे सातवीचे गणित आहे. पण पुढचा प्रश्न बातमीदाराचा: खरेदी केंद्र असताना माल कमी भावात का गेला? ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालत होता, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने तो १५ पर्यंत वाढवला. तोपर्यंत किती जणांनी माल विकून टाकला होता? हे पोरांनी गावात घरोघर विचारावे, वहीत लिहावे, बोलणे फोनवर नोंदवून ठेवावे.

आपली बातमी आपणच सांगायची, हे आपल्याला नवे नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' खेड्यातून चालवायला घेतला. शरद जोशींनी १९७९ साली 'वारकरी' साप्ताहिक काढले, तेव्हा कांद्याचे आंदोलन अजून पेटायचे होते. २००६ साली मुंबईत कापसाच्या कपड्यांचा फॅशनचा सोहळा झाला. त्याला ५१२ पत्रकार होते, आणि त्याच वेळी विदर्भात कापूस पिकवणारा मरत होता, हे पी. साईनाथांनी नोंदवले. त्यांनीच २०१४ साली 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह इंटरनेटवर सुरू केला. तो मराठीतही वाचता येतो, आणि शाळा-कॉलेजांतल्या मुलांचे लिखाणही तिथे घेतात. मास्तरांनी तो वर्गात उघडून दाखवावा.

दोन गोष्टी मात्र मी हट्टाने सांगेन. आत्महत्या झालेल्या घरी पोरांना कॅमेरा घेऊन पाठवायचे नाही. वऱ्हाडातल्या आयाबहिणींचे रडते चेहरे पुष्कळ छापून झाले. माणसाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो काढायचा नाही, हा पहिला धडा. आणि पोरांना आपले प्रचारक करायचे नाही. आपल्या सभेला पाच हजार आले असे आपण लिहितो, तिथे पोराने खुर्च्या मोजून नऊशे लिहिले तर ते छापायचे. हसू नका, मी गंभीरपणे सांगतो आहे.

राहिला प्रश्न पोरींचा. घरात एकच चांगला फोन असतो आणि तो भावाच्या खिशात असतो. म्हणून सुरुवात शाळेत, शनिवारी, चौघांत एक फोन आणि तो आलटून पालटून, अशी करावी. ज्या गावात मुख्याध्यापकांशी बोलायला कोणी तयार आहे, त्यांनी उठण्यापूर्वी नावे द्यावीत. पहिली बातमी बाजार समितीच्या यार्डातली असावी. मोजमाप चालू असताना पोरे काट्याजवळ उभी असली, की निम्मे काम तिथेच होते.