द्राक्षांचा मळा आणि कुसळांचा माळ



शहरांत राहणाऱ्या माणसाला 'निसर्ग' हा शब्द फार प्रिय असतो. ज्याच्या खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी, त्याला जरासा हिरवा रंग दिसला कीं निसर्ग भेटल्याचा आनंद होतो. गेल्या माघांत मी बारामती-इंदापूरकडे चार दिवस काढले, ते याच आनंदाच्या लोभानें. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें पाटसपर्यंत जाऊन बारामतीकडे वळलें म्हणजे रोटीचा घाट लागतो. आषाढीच्या वारींत तुकोबारायांची पालखी याच घाटानें जाते. घाटाजवळच्या टेकाडावर आतां एका वाइनरीची इमारत आहे. ती पाहून परदेशांतील एखाद्या गढीची आठवण व्हावी. पुढें इंदापूर ओलांडून अकलूजकडे गेलें तर तेथेंहि वारुणीच्या द्राक्षांचे मळे आहेत. शहरांतील मंडळी हल्लीं असे मळे पाहावयास मुद्दाम जातात. मद्याविषयीं मी बोलणार नाहीं. द्राक्षासवापलीकडे माझी मजल गेलेली नाहीं. परंतु एका मागें एक गेलेल्या त्या हिरव्या रांगा पाहून डोळे निवतात हें खरें.

आतां प्रश्न असा कीं, हा निसर्ग म्हणावा काय?

द्राक्ष आपल्याकडे नवें नाहीं, तरी तें येथलेंहि नव्हे. कालिदासानें रघूच्या सैनिकांना द्राक्षांच्या मळ्यांत बसवून मद्यानें श्रमपरिहार करावयास लावला आहे; पण कोठें? पारसिकांच्या देशांत. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेस आला. तेथील द्राक्षें आणि डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात, असें त्यानें नमूद केलें आहे. त्या एका वाक्यांत सारी कथा आहे. थंड देशांत ही वेल हिवाळ्यांत पानें झाडून निजते, वसंतांत जागी होते आणि शरदांत एकदांच फळते. आपल्याकडची थंडी ती काय, एका शालीपुरती! तेवढ्यानें तिला झोप येत नाहीं. मग तिचे ऋतू माणसानें ठरवावयाचे. एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी करावयाची, म्हणजे नव्या काड्या येतात व त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांचें बीज धरतें. ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, गोडी छाटणी. हिच्यानंतर घड येतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर औषध लावावें लागतें. निजूं न दिलेल्या वेलीला उठविण्याचा हा उपचार! आणि मुळाविषयीं म्हणाल तर तेंहि बहुधा तिचें स्वतःचें नसतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलोक्सेरा नांवाच्या किडीनें फ्रान्समधील मळे उजाड केले, तेव्हां अमेरिकेंतील रानवेलींच्या खुंटांवर कलमें बांधून ते वांचविले गेले. आपल्या बागाइतदारांनीं 'डॉगरिज' हा अमेरिकन खुंट घेतला तो निराळ्या कारणानें. तो खारवट जमिनीला आणि पाण्याच्या टंचाईला तोंड देतो.

माझा एक जुना विद्यार्थी त्या भागांत बाग धरतो. वारुणीचींहि द्राक्षें लावतो आणि खाण्याचींहि. मांडवाखालून चालतांना मीं त्याला म्हटलें, "काय शांत आहे रे हें सारें!" तो हसला. म्हणाला, "गुरुजी, शांत तुम्हांला. फुलोऱ्यांत पाऊस आला तर घडांवर केवडा पडतो. पिकतांना आला तर मणी तडकतात. ढग आला कीं आमच्या घरांत कोणी जेवत नाहीं." ज्या आभाळाकडे पाहून आपण शहरांत खिडकींतून सुस्कारा टाकतों, त्याच आभाळाकडे हीं माणसें पोटांत गोळा घेऊन पाहतात. त्याच्या बोलण्यांत तक्रार मात्र नव्हती.

आणि पाणी? सह्याद्रीच्या माथ्यावर शेंकडों इंच ओतणारा पाऊस येथें येईपर्यंत सुमारें वीस इंचांवर येतो. मोरोपंतांनीं बारामतीस कऱ्हेच्या कांठीं आपल्या आर्या रचल्या, त्या काळीं येथें कालवा नव्हता. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला, आणि त्याच्या खालच्या अंगाचा मुलूख ऊंसानें हिरवा झाला. उत्तरेच्या अंगाला भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगांवाकडे हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. पहांटे होडींतून ते थवे पाहिले. गुलाबी पंखांची ती ओळ उडाली तेव्हां होडींतील सगळे, अगदीं लहान मुलेंसुद्धां, गप्प झालीं. पण त्याच पाण्याखालीं जुनें पळसदेव गांव आहे. ज्या उन्हाळ्यांत धरण फार आटतें, त्या उन्हाळ्यांत पळसनाथाचें प्राचीन देऊळ पाण्याबाहेर येतें आणि उठून गेलेल्या घरांतील म्हातारीं माणसें दर्शनाला जातात. म्हणजे द्राक्षांची हिरवळ कालव्याची, पक्ष्यांचें तळें धरणाचें.

मग माणसानें न केलेलें असें येथें कांहीं आहे काय? आहे. तो माळ आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं.

कुसळी गवत, मधून मधून बाभूळ, बोरीचीं झुडपें, खालीं मुरूम. उन्हाळ्यांत तो मेल्यासारखा दिसतो, आणि पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत हिरवा होतो. त्याला कोणी छाटीत नाहीं, कोणी पाणी पाजीत नाहीं. तेथें टिटवी उघड्या जमिनीवर अंडीं घालते, चंडोल गातो, खोकड बीळ करतें, आणि लांडगा अजून आहे. बारामती तालुक्यांतच सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. चिंकारा हरणांसाठीं तें १९९७ सालीं राखलें गेलें. क्षेत्रफळ अवघें पांच चौरस किलोमीटरांच्या घरांत! सकाळीं तेथें मला सात चिंकारे दिसले. इतकीं नाजूक जनावरें इतक्या रुक्ष गवतावर कशीं जगतात, याचें नवल वाटतें. आमच्या सरकारी कागदांत मात्र अशा जमिनीला 'पडीक' म्हणण्याची चाल आहे. जें नांगरतां येत नाहीं तें पडीक, हा हिशेब इंग्रजांनीं शिकविला आणि आपण तो अद्याप घोकतों आहों. पडीक म्हटलें कीं तेथें झाडें लावा, नाहीं तर कारखाना काढा, असा विचार आपोआप सुचतो.

बारामतीची एमआयडीसी भिगवणच्या रस्त्याकडे अशाच कोरडवाहू अंगाला वसली आहे. तेथें तीनचाकी गाड्या तयार होतात, लोखंड घडविलें जातें. कितीएक घरांच्या चुली त्यावर पेटतात. मी तिला बोल लावीत नाहीं. कारखाना कोठें तरी व्हावयाचाच. मला एवढेंच खटकलें कीं, ऊंसाची एक गुंठा जमीन जातांना चार सभा भरतात आणि माळाचीं शंभर एकरें जातांना कोणी विचारीत नाहीं.

विद्यार्थ्याच्या बागेंत छाटणीच्या आधीं चर काढून खत भरतात. तें कसलें, असें मीं विचारलें.

"लेंडीखत, गुरुजी. धनगरांकडून घेतों. याच्यासारखें दुसरें नाहीं."

दिवाळीनंतर हे धनगर मेंढरें घेऊन कोंकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडीं परत येतात, हें मला ठाऊक होतें. परतल्यावर तीं मेंढरें कोठें चरतात, हें मीं विचारलें. त्यानें कारखान्यांच्या छपरांपलीकडे हात केला.

"पूर्वी एकेक कळप तिकडे महिनाभर राही. आतां चार दिवसांत हलतो. चरायला उरलें आहे कोठें? खताचा भाव वाढला तो उगीच नव्हे."

दुसऱ्या दिवशीं मी तिकडे चालत गेलों. गवत गुडघ्याएवढें, वाळून सोन्याच्या रंगाचें झालें होतें. त्यांतून ठराविक अंतरावर चुन्यानें रंगविलेले हद्दीचे दगड रोवलेले होते, आणि एका दगडावर टिटवी उभी राहून ओरडत होती.