वाकळ आणि मनोगत



आपणांपुढे मी आज एक लहानसे काम ठेवीत आहे. प्रत्येक वस्तीतील भगिनींनी पंधरवड्यातून एकदा विहारात एकत्र बसावे, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवावी आणि शिवता शिवता आपले मनोगत सांगावे.

काही बंधू म्हणतील, धम्मकार्य एवढे पडले असता हा रिकामा उद्योग कशाला? त्यांना मी विचारते, आपल्या सभांना स्त्रिया येतात, सतरंज्या अंथरतात, वंदना म्हणतात. परंतु त्यांपैकी बोलतात किती? नागपूर येथे 20 जुलै 1942 रोजी दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. पत्नीने पतीची दासी न होता बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, असे बाबासाहेबांनी त्या परिषदेत सांगितले. बरोबरीने उभे राहावयाचे तर आधी तोंड उघडण्याची सवय हवी.

धम्मदीक्षेबरोबर आपण व्रतवैकल्ये सोडली. हळदीकुंकू सुटले याचे दुःख नको, कारण तेथे विधवेला मान नव्हता. परंतु स्त्रियांचे एकत्र येण्याचे निमित्तही त्याबरोबर गेले. ती जागा मोकळी राहिली, तर जुनी रूढी मागल्या दाराने परत येईल. वाकळेभोवती बसताना सवाष्ण कोण, विधवा कोण, टाकलेली कोण, हे विचारण्याचे कारण उरत नाही.

स्त्रीने आपले अनुभव शब्दांत मांडावे, ही गोष्ट धम्मात नवी नाही. थेरीगाथेत भिक्खुणींच्या 73 रचना आहेत. मूल गमावलेली किसा गोतमी त्यांत आहे. पाणी भरणारी दासी पुण्णिकाही आहे. नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, तसे असेल तर बेडूक आणि कासवेही स्वर्गाला जातील की नाही? हा प्रश्न एका पाणक्या दासीला सुचला, हे ध्यानात घ्या.

बैठकीची रीत साधी असावी. आरंभी पाच मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यावे. मग वाकळ मध्ये पसरून चौघी-पाचजणींनी कडेने धावदोरा घालीत आत यावे. प्रत्येकीने आपल्या घरचा एक तुकडा आणावा आणि तो कोणाच्या लुगड्याचा, कोणत्या दिवसांतला, एवढे सांगावे. एक बोलत असता दुसरीने मध्ये बोलू नये. तेथे ऐकलेले बाहेर नेऊ नये. जिची इच्छा असेल तिचे शब्द शिकलेल्या मुलीने वहीत उतरून घ्यावे. तयार झालेली वाकळ वस्तीतील बाळंतिणीला द्यावी.

बंधूंनो, त्या दोन तासांत मुले सांभाळणे आणि चूल पाहणे हे आपले काम. भगिनींनो, येत्या रविवारी सुई-दोरा घेऊन या.

जयभीम.